कंसातले वय

अपघाताच्या बातमीत मृताच्या नावापुढे कंस येतो. कंसात वय आणि गाव. लोणावळ्यात बसून मी सव्वीस वर्षे मावळातल्या बातम्या पुण्याला पाठवल्या. त्यात असे कंस किती टाकले, याची मोजदाद नाही. वय मी कधी मृताच्या घरी विचारले नाही. त्या वेळी घरच्यांना काही विचारू नये हे एक कारण, आणि ते पोलिस ठाण्यात फोनवर मिळते हे दुसरे. ठाण्यातला माणूस कागद बघून आकडा सांगतो, आपण लिहून घेतो. एकदा एका मृताचे वय सकाळी एक आणि दुपारी दुसरे सांगितले गेले, म्हणून मी पुन्हा फोन केला. हवालदार हसले. "साहेब, मेलेल्या माणसाला दोन वर्षांनी काय फरक पडतोय? टाका कुठलंबी."

किती फरक पडतो, ते मला पुढे वडिवळ्याच्या एका म्हाताऱ्यामुळे कळले.

त्यांचा मुलगा नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवत असे. नोकरी कंत्राटी, पगार महिना वीस हजार. जुलैतल्या एका दुपारी पहिली पाळी संपवून तो दुचाकीवर घरी निघाला होता. जुन्या महामार्गावर, कामशेतच्या अलीकडे, दुभाजक तुटलेल्या जागेतून एक कंटेनर उलटा वळला. मुलगा जागीच गेला. चूक कंटेनरचालकाची होती, याबद्दल पुढेही कोणी वाद घातला नाही. मी बातमी पाच ओळींची दिली. कंसात लिहिले: वय ४१, रा. वडिवळे, ता. मावळ.

तेराव्यानंतर आठवडाभराने त्याचे वडील माझ्या खोलीवर आले. झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली हेच माझे कार्यालय. त्यांनी टोपीच्या घडीतून कात्रण काढून टेबलावर ठेवले आणि आकड्यावर बोट टेकवले.

"भाऊ, हे वय चुकलंय. दुरुस्ती छापा."

"किती पाहिजे?"

"पाहिजे न्हाई. हाय. येकूनचाळीस. चाळिशीला चार म्हैनं कमी."

आमच्याकडे दुरुस्ती कागदाशिवाय छापत नाहीत. मी त्यांना तसे सांगितले आणि जन्माचा दाखला आणायला सांगितले. ते म्हणाले, "आणलाय." सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी निघाली आणि पिशवीतून चार घड्यांचा पिवळा कागद. अंदर मावळातल्या एका ग्रामपंचायतीचा शिक्का होता. बापाचे नाव त्यांचे, आईचे नाव त्यांच्या बायकोचे, लिंग मुलगा, मुलाच्या नावाचा रकाना मोकळा. पूर्वी जन्माची नोंद बारशाआधी होई, त्यामुळे असे रकाने सर्रास मोकळे राहत. तारीख जूनमधली होती. मी हिशेब केला.

"आबा, यावर तर एक्केचाळीसच येतात. एक्केचाळीस आणि एक महिना."

"व्हय," ते म्हणाले. "पण ह्यो त्येचा कागद न्हाई."

मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांना आधी एक मुलगा झाला होता. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म अंदर मावळात आणि नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. तो मुलगा चौथ्या महिन्यात तापाने गेला. दात न आलेले मूल जाळत नाहीत, पुरतात. त्याला नदीकाठच्या त्यांच्या भातखाचराच्या बांधाला पुरले. मृत्यूची नोंद करायला कोणी गेले नाही. एवढ्या लहान मुलाची तशी नोंद कोणी करत नसे. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा म्हाताऱ्याच्या आईने सांगितले की माहेरचे मूल टिकले नाही, या खेपेला पाठवायचे नाही. दुसरा मुलगा भाताच्या कापणीत वडिवळ्यातच झाला. घरचे सगळे खाचरात होते आणि ही नोंदही कोणी केली नाही. तोच हा.

पुढे त्याला शाळेत घालायची वेळ आली. गुरुजींनी जन्माचा कागद मागितला. घरात जन्माचा एकच कागद होता.

"मी त्योच दिला. गुर्जी म्हनलं, आंगानं बारीक दिसतंय, सहा वर्साचं वाटत न्हाई. मी म्हनलं, आईवर गेलंय. बसवलं पयलीत."

मी विचारले, तेव्हा हे खोटे आहे असे वाटले नाही का. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले.

"खोटं कसं? कागद आमच्या पोराचाच व्हता. पोरगं दुसरं, येवढंच."

शाळेच्या रजिस्टरात ती तारीख गेली. रजिस्टरातून दाखल्यावर, दाखल्यावरून वाहन परवान्यावर, मग आधार कार्डावर, कारखान्याच्या ओळखपत्रावर, पंचनाम्यात, शवविच्छेदनाच्या अहवालात, आणि शेवटी फोनवरून माझ्या कंसात. आठ ठिकाणी एकच वय होते. धंद्यात आम्हाला शिकवतात की बातमी दोन ठिकाणांहून पक्की करावी. ही, माझा कंस सोडून, सात ठिकाणांहून पक्की झाली असती आणि सातांचा उगम तो चार घड्यांचा कागद होता.

दुरुस्ती मी छापली नाही. तिला आधार नव्हता. आणि पुढे भरपाईचा दावा केला तरी वर्तमानपत्रात छापून आले म्हणून न्यायालय वय बदलत नाही, हेही त्यांना समजावले. ते म्हणाले, "मंग कुटं बदलत्यात?" मी त्यांना तळेगावच्या एका वकीलबाईंकडे घेऊन गेलो. सोबत त्यांची बायको आणि सून होती. सुनेचे वय छत्तीस. तिला दोन मुली, थोरली आठवीत.

वकीलबाईंनी भरपाई कशी काढतात ते एका कोऱ्या कागदावर मांडून दाखवले. नुकसानभरपाईच्या बातम्या मी अनेक दिल्या होत्या, पण हा हिशेब कधी पाहिला नव्हता. तो अवघड नाही. मृताचा महिन्याचा पगार घ्यायचा. जगला असता तर पुढे पगार वाढला असता, म्हणून त्यात काही टक्के मिळवायचे. त्याने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा. उरलेल्याला बाराने गुणायचे, म्हणजे वर्षाचे निघतात. आणि त्या रकमेला पुन्हा एका आकड्याने गुणायचे. त्याला गुणक म्हणतात. गुणक वयावरून ठरतो आणि त्याचा तक्ता तयार असतो. वय वाढत जाते तसा गुणक कमी होतो.

"घरात बायको, दोन मुली आणि आई अशा चौघी अवलंबून. म्हणजे त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा धरायचा," बाई म्हणाल्या.

म्हातारा पुढे सरकला. "चवथा हिस्सा? पाच हजार? बाई, त्यो च्या बी घरनं पिऊन जायचा. तंबाकू न्हाई, काय न्हाई."

"कायदा तसं धरतो, आबा. खर्च केला नसला तरी."

"मंग करायचा तरी," म्हातारी म्हणाली. ती तिथे बोललेले हे पहिले वाक्य.

बाईंनी दोन हिशेब शेजारी शेजारी मांडले. चाळिशीच्या आत मृत्यू झाला तर कंत्राटी माणसाच्या पगारात चाळीस टक्के वाढ धरतात, चाळिशीनंतर पंचवीस. एकोणचाळिसाव्या वर्षाला गुणक पंधरा, एक्केचाळिसाव्याला चौदा. एका बाजूला सदतीस लाख ऐंशी हजार आले, दुसऱ्या बाजूला एकतीस लाख पन्नास हजार. अंत्यविधीचे आणि सहवास गमावल्याचे पैसे वेगळे. ते ठरलेले असतात, त्यांना वय लागत नाही.

सून दोन्ही आकड्यांकडे बघत होती. तिने वजाबाकी आमच्याआधी केली. "सहा लाख तीस हजार," ती म्हणाली. मग सासऱ्याकडे वळली. "आबा, आधी एक मूल होतं, हे मला लग्नाला सोळा वर्षं झाली तरी कोणी सांगितलं नाही."

म्हातारी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

वकीलबाईंनी धोका स्पष्ट सांगितला. एक्केचाळीस धरून चालले तर दावा सरळ होता. एकोणचाळीस म्हटले तर शाळेचा दाखला चुकीचा आहे असे आपणच सांगणार. एक कागद चुकीचा म्हटला की विमा कंपनी पगाराच्या चिठ्ठीकडेही बोट दाखवणार. आणि सिद्ध करायला हातात काय? वडिवळ्याच्या जन्म रजिस्टरात दुसऱ्या मुलाची नोंद नाही. पहिल्याच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही. सुईण कधीच गेली. उरली फक्त आईबापांची तोंडी साक्ष, आणि दोघांच्याही फायद्याची.

"जमीन दावतो," म्हातारा म्हणाला. "जितं पुरला ती."

"जमिनीवर काही आहे का? दगड, खूण?"

"धोंडा ठिवल्ता. आता तितं पानी अस्तं धरनाचं. मे म्हैन्यात उघडं पडतं."

निर्णय सुनेने घेतला. सहा लाख तीस हजार म्हणजे थोरलीचे पुढचे सगळे शिक्षण, असे ती म्हणाली. खरे वय सांगायचे. बाईंनी मूळ दाखला न्यायालयात हजर करावा लागेल असे सांगितले तेव्हा म्हातारीने दुसऱ्यांदा तोंड उघडले.

"ह्यो कागद परत मिळंल का?"

"केस संपल्यावर अर्ज करून मिळतो, मावशी."

"नक्की?"

"नक्की. त्यात एवढं काय आहे?"

म्हातारी म्हणाली, "तेचं तेवढंच हाय."

नवरा तिला दबक्या आवाजात म्हणाला, "नातींचं बघायचं का तेचं बघायचं?" तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतःच बाईंच्या टेबलावर ठेवली.

दावा पुण्यात चालला. तारखांवर तारखा पडल्या. मी सगळ्यांना गेलो नाही. म्हाताऱ्याची साक्ष होती त्या दिवशी गेलो. बातमी नव्हती तरी गेलो. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि पिंजऱ्यात उभे राहिल्यावर पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. न्यायाधीशांनी चालतील म्हणून सांगितले, पण त्यांनी पुन्हा घातल्या नाहीत.

विमा कंपनीचे वकील सौम्य बोलणारे होते. त्यांनी आवाज एकदाही चढवला नाही.

"बाबा, शाळेत तुम्ही स्वतः गेला होता?"

"व्हय."

"जन्मतारीख तुम्हीच सांगितली?"

"सांगितली न्हाई. कागद दिला."

"तो कागद तुमच्या मुलाचा होता?"

"माज्या पोराचा व्हता."

"म्हणजे बरोबर होता."

"पोराचा बरोबर. ह्या पोराचा न्हाई."

मागे दोघेतिघे वकील हसले. न्यायाधीशांनी वर पाहिले तशी शांतता झाली. लघुलेखकाने टंकले: 'हे म्हणणे खरे आहे की शाळेत प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला मी हजर केला. हे म्हणणे खरे आहे की दाखल्यावर मुलाचे नाव नाही.'

"छत्तीस वर्षांत तुम्ही शाळेकडे तारीख बदलून मागितली?"

"न्हाई."

"परवाना काढताना? आधार काढताना?"

"त्यो काढायचा त्येचं त्यो. त्येला ठावंच नव्हतं."

"मुलाला त्याचं खरं वय माहीत नव्हतं?"

हा प्रश्न म्हाताऱ्याला कोणी आधी विचारला नव्हता, आणि मलाही तो सुचला नव्हता. "आमी त्येला सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "त्येच्या आधी येक थोरला व्हता म्हनून बी न्हाई सांगितलं. घरात त्यो विषय काढत न्हाईत."

"का?"

त्यांनी बायकोकडे पाहिले. ती सुनेशेजारी मागच्या बाकावर बसली होती.

"बरं, ते राहू द्या. त्या पहिल्या मुलाचं नाव काय ठेवलं होतं? बारसं झालं असेल ना?"

आता पाहता हा प्रश्न मदतीचाही होता. चटकन नाव सांगितले असते तर साक्षीला वजन आले असते. म्हाताऱ्याने तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. चाळीस वर्षे न उच्चारलेला शब्द त्यांना सापडत नव्हता, की सापडूनही बायकोसमोर उच्चारवत नव्हता, हे मला सांगता येणार नाही. वकिलांनी पुरेसा वेळ दिला आणि मग लघुलेखकाकडे वळून म्हणाले, "साक्षीदार सांगू शकत नाही."

तेव्हा मागच्या बाकावरून म्हातारीने नाव सांगितले. ओरडून नव्हे. अंगणातल्या मुलाला घरात बोलावताना जेवढा आवाज लागतो तेवढ्या आवाजात.

न्यायाधीशांनी तिला मध्ये बोलू नये असे सांगितले. ती साक्षीच्या पिंजऱ्यात नव्हती, त्यामुळे ते नोंदले गेले नाही. म्हाताऱ्याने तेच नाव मागोमाग सांगितले, पण ते ऐकून सांगितले, असे वकिलांनी नोंदवून घेतले. शेवटची ओळ अशी होती: 'हे म्हणणे खरे नाही की जादा भरपाई मिळावी म्हणून मी मयताचे वय कमी सांगत आहे.' खाली त्यांनी अंगठा दिला.

बाहेर पडल्यावर ते जिन्यात बसले. "माज्या तोंडात व्हतं," बायकोला म्हणाले. "आलं न्हाई भायेर."

"म्या सांगितलं ना," ती म्हणाली. "उटा. यस्टी जाईल."

अपघाताला तीन वर्षे होत आली तेव्हा निकाल लागला. पगार वीस हजार मान्य झाला. वकीलबाईंना ज्याची भीती होती ते घडले नाही. पण वयाबाबत शाळेचा दाखला, परवाना, आधार आणि शवविच्छेदन अहवाल परस्परांशी जुळतात, उलट बाजूला हितसंबंधित पालकाची तोंडी साक्ष आहे आणि तीही निःसंदिग्ध नाही, म्हणून मयताचे वय एक्केचाळीस धरण्यात आले. गुणक चौदा. मी निकालपत्र दोनदा वाचले. त्यात चूक काढता येईल असे मला काही दिसले नाही. समोर असलेल्या कागदांवर, न्यायाधीशांच्या जागी मी असतो तर, हेच लिहिले असते, आणि तसे मी ते आधी लिहिलेही होते.

उच्च न्यायालयात अपील करता येते, असे बाईंनी सांगितले. सून म्हणाली, आणखी किती वर्षे? अपील झाले नाही. मुलींचा हिस्सा बँकेत ठेव म्हणून गेला. सून तळेगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली होतीच. ती जात राहिली.

निकालाची बातमी मी दिली. या खेपेला कंसात लिहिले, 'न्यायालयाने ग्राह्य धरलेले वय ४१'. रात्रपाळीच्या उपसंपादकाला ओळ लांब वाटली असावी. सकाळी अंकात छापले होते, वय ४१.

महिनाभराने बाईंनी दाखला परत मिळवला आणि मी वडिवळ्याला जाणारच होतो म्हणून माझ्याकडे दिला. मी दुपारी पोचलो. म्हातारा वरच्या खाचरात होता, सून सुट्टीवर असल्याने घरी. म्हातारीने कागद उलगडला. मागच्या बाजूला लाल शाईत न्यायालयाचा निशाणी क्रमांक पडला होता. तिने तो बोटाने पुसून पाहिला.

"जाणार नाही तो," मी म्हणालो.

"असू दे." तिने कागद उलटा केला आणि मोकळा रकाना मला दाखवला. "हितं नाव लिवा."

मी म्हणालो की सरकारी कागदावर आपण काही लिहू नये. नियमाला धरून ते बरोबर होते. कागद तसाच धरून म्हातारी उभी राहिली.

सुनेने हात पुसले. माझ्या खिशातले पेन न विचारता काढून घेतले, उंबऱ्यावर बसून कागद मांडीवर पसरला आणि म्हणाली, "आई, पुन्हा सांगा."

म्हातारीने सांगितले. सुनेने लिहिले. नवऱ्याच्या आडनावाशी आली तेव्हा तिचा हात जरा थांबला, मग तिने तेही पूर्ण केले. शाई वाळेपर्यंत कागद तिने हातात धरून ठेवला.

"तेला चव्वेचाळीस सरलं ह्या जूनला," म्हातारी म्हणाली. तिला वय कोणी विचारले नव्हते.